एका वर्षाची थाप

चैत्र व. ९, शके १८५४. जुना जालना.

शाळा सुटल्यावर पुन्हा पाय. आज चौथा दिवस. हैदराबादच्या विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेतून आलेले डॉ. हमीद (वहीत यापुढे ह.) आणि त्यांचे दोन विद्यार्थी आमच्याच शाळेच्या मागच्या खोलीत उतरलेत. हेडमास्तरांनी मला दुभाष्या म्हणून त्यांच्या गळ्यात बांधलं. मला उर्दू येतं, आणि हेडमास्तरांच्या मते मला दुसरं काम नाही. घरोघर जायचं, ओट्यावर बसायचं, सगळ्यांचे पाय बघायचे. नारू आहे का, कुठे आहे, कधी निघाला. मी लिहून घ्यायचं. इतकी वर्षं पोरांची अक्षरं तपासली, आता गावाचे घोटे.

गंगामावशीकडे गेलो. नारू काढावा तर तिनेच. एका बाईच्या पोटरीतून दोऱ्यासारखा तो पांढरा किडा काडीवर गुंडाळत होती. "आज दोन बोटं, उद्या दोन बोटं. जल्दी केली की तुटतो, अन् तुटला की पाय सडला." ह. तिच्यासमोर तासभर उकिडवे बसले. उठताना म्हणाले, "इससे अच्छा मैं भी नहीं निकाल सकता." मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्याला म्हनाव, इथंच ऱ्हा अन् शीक."

चैत्र व. ११

गंमत. वडाच्या बारवेचं पाणी सगळी आळी पिते. प्रत्येक घरात नारूचा एक तरी पाय. फक्त मारवाड्यांच्या बोळात एकही नाही! ह. ना वाटलं मी लिहायला चुकलो. पुन्हा गेलो. चुनीलालशेठ कापडाच्या गादीवर बसून हसले. "मास्तर, आमी जैन. पानी गाळल्याबिगर तोंडाला लावत न्हाई. वाडवडलापासून."

आत नेऊन दाखवलं. हंड्याच्या तोंडावर दुहेरी कापड. गाळून झाल्यावर कापड उलटं धरून गाळलेल्याच पाण्यानं धुतात, आणि ते धुवण एका लहान भांड्यातून दोरीनं अलगद बारवेत परत सोडतात. वरून ओतायचं नाही, जीव आपटतील. ह्याला ते जिवाणी म्हणतात. कापडावर चिकटलेले डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे ह. नी भिंगातून पाहिले, मलाही दाखवले. ते पळत होते.

हे किडेच नारूचं पिल्लू पोटात बाळगतात. किडा पोटात गेला की नारू गेला. ह. रस्त्यात थांबून म्हणाले, की आम्ही सहा महिने पुस्तकं वाचून आलो आणि इथे बायका रोज ते करताहेत. विद्यार्थ्यांना शेठजींच्या घरी बसवून सगळं टिपून घ्यायला लावलं. शेठजींच्या सुनेला पदराआडून हसू आवरेना.

चैत्र व. ३०

बारव बघायला गेलो. पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. बायका घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरतात. ज्याचा पाय नारूने पेटलाय तो गारव्यासाठी तिथेच पाय बुडवून बसतो, आणि त्या वेळी नारू पाण्यात पिल्लं सोडतो. ती किड्यांच्या पोटात जाऊन वाढतात, आणि पंधरा दिवसांनी ते पाणी प्यालं की नारू. मी स्वतः लहानपणी तिथे दुखता पाय बुडवून बसलेला आहे. केवढं बरं वाटायचं.

उपाय एकच. पायऱ्यांवर आडवी भिंत. पाणी वरून रहाटानं ओढायचं. मी म्हटलं तहसीलदाराकडून हुकूम आणू. ह. चिडले. "नक्को. हुकुम से उठी हुई दीवार हुकुम के साथ जाती. गाँव की बारव, गाँव बाँधे. हम सिर्फ गिनेंगे." गाळायचं कापड घरोघर द्यायला शेठजी तयार आहेत. पण शेतात ओंजळीने पाणी पिणाऱ्याला कापडाचं काय.

वैशाख शु. ३

अक्षय तृतीया. बायका पायऱ्या उतरून पितरांचा करा भरत होत्या. त्या गर्दीत भिंतीची गोष्ट काढायची माझी छाती झाली नाही. सौ. पण उतरली, वर ओंजळभर पाणी प्याली. तिला थांबवायला हवं होतं. सणाच्या दिवशी कटकट नको म्हणून गप्प बसलो.

संध्याकाळी किसनराव पाटलांकडे. मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे, पण शेती इथे, आणि आळीत त्यांचा शब्द चालतो. गेल्या मृगात दोन्ही पायांना नारू, पेरणी खाटेवरून बघावी लागली. आठवलं की अजून दात खातात. परवा माणसं गोळा करतो म्हणाले.

पाटलांकडून परतताना ह. नी मला नीट बजावलं. या उन्हाळ्यात जे पाणी प्यालेत त्यांना पुढच्या उन्हाळ्यात नारू निघणारच, तो शरीरात वर्षभर वाढतो. भिंतीचा गुण दिसेल तो त्याच्या पुढच्या वर्षी. "पूरी बात बोलना, मास्टर साब. एक साल भी कम नक्को."

वैशाख शु. ५

झालं. वडाखाली सगळी आळी. ह. म्हणाले, आपके लोग हैं, आप ही बोलो, आणि मागे जाऊन बसले. त्यांना मराठी कळत नाही.

किडा सांगितला, पिल्लू सांगितलं, शेठजींचं कापड दाखवलं. लोक ऐकत होते. मग पाटील म्हणाले, "मंग गुण कवा यील?"

मी तोंड उघडलं आणि समोर बघितलं. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली माणसं, बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या. दोन वर्षं म्हटलं असतं तर ते तिथेच उठले असते. मी म्हणालो, "पुढच्या वैशाखात नारू दिसणार नाही."

"पुढच्या आखितीला? बराबर?"

"बरोबर."

"तुमी म्हंता म्हून. हैदराबादवाल्याला मी वळखत न्हाई, उद्या जाईल गाडीत बसून. तुमी हितंच ऱ्हाणार."

ठरलं. घरटी एक दगड.

वैशाख शु. ६

ह. नी पाठ थोपटली. क्या समझाया, वा! मी हसलो. झोप धड नाही. थाप मारली, सरळ सरळ. पण वाईटासाठी नाही ना मारली? एकदा भिंत उभी राहिली की राहिली. पुढचं पुढे बघू. मुलं गणित चुकल्यावर असंच म्हणतात.

वैशाख शु. १२

भिंत पुरी. छातीइतकी. सगळ्यात वरचा दगड पाटलांचा, शेतातून बैलगाडीत घालून आणला, चांगला सपाट. स्वतः बसवला. मावशी म्हणाली, "मास्तर, माजा धंदा बुडवला तुमी." आणि तिनेही एक धोंडा आणला होता, ओच्यात घालून.

शेठजींचं जिवाणीचं भांडं आता रहाटावरून खाली जातं. त्यांना हरकत नाही. ह. आणि विद्यार्थी उद्याच्या गाडीने परत. पायांची वही माझ्याकडे ठेवलीय. दर महिन्याला लिहून कळवायचं.

आषाढ व. २

वहीतले आकडे कळवले. पाऊस बरा. लोक रहाटावर पाणी ओढतात, कुरकुर करतात, तरी ओढतात.

कार्तिक शु. ७

ह. चं पत्र. उर्दूत, सुंदर अक्षर. एक ओळ अशी: लोगों को याद दिलाते रहिए कि आने वाली गर्मी में नारू निकलेगा, घबराएँ नहीं. पत्र पेटीच्या तळाशी ठेवलं. उत्तरात हवापाण्याचं लिहिलं.

पौष व. ५

पाटील बाजारात भेटले. खुशीत. "औंदा खाटंवर न्हाई निजायचा मी, मास्तर!" चारचौघांत माझ्या पाठीवर थाप. अजून सांगता येईल, अजून चार महिने आहेत. सांगितलं नाही. काय म्हणून सांगणार, कसं सुरू...

चैत्र शु. ८, शके १८५५

सौ.च्या उजव्या घोट्यावर फोड. सकाळी म्हणाली मुंगी चावली असेल. मीही म्हटलं असेल. तिच्याकडे न बघता म्हटलं.

चैत्र शु. १०

फोड फुटला. नारूच. मावशी काडी घेऊन आली आणि कामाला लागली. सौ. पाय ताठ करून बसली होती. "तुम्हीच म्हणाला होता ना, या वर्षी नाही म्हणून? का हो?"

मग सांगितलं. सगळं. ती म्हणाली, "म्हणजे गेल्या आखितीला मी उतरले तेव्हा तुम्हाला माहीत होतं." तेव्हा माहीत होतं. हो. तिने आधी प्यालेलं पाणीही तेच होतं म्हणा. पण हे मी तिला बोललो नाही. बोललो असतो तरी त्याने काय झालं असतं.

चैत्र शु. १४

घराघरातून नारू. पायांची वही उघडायची भीती वाटते. गेल्या वर्षापेक्षा कमी दिसत नाहीत. मला शाळेत जाताना वडाकडचा रस्ता टाळावा लागतो. वाण्याच्या दुकानात कुणीतरी मागून म्हणालं, "थापाड्या मास्तर." वळलो नाही. खोटं काय होतं त्यात?

चैत्र व. २

किसनराव पाटील. डाव्या पावलाला, बोटांच्या मुळाशी. टाचेवर चालत घरी आले, ओट्यावर बसले, पाणीसुद्धा नको म्हणाले.

"मास्तर, गाव म्हनून राह्यलंय भिंत पाडा. दगडं टाकून आमी दुरून पानी वढलं, बायांचे हात सोलले, अन् फळ काय? आखितीला पायऱ्या मोकळ्या झाल्या पायजे. करा भरायचा हाय."

"पाटील, भिंत पाडू नका."

"का म्हून? कारन सांगा."

"डॉक्टरांना पत्र टाकतो," एवढंच बोललो. भेकड माणूस.

चैत्र व. ११

ह. चं उत्तर आलं. नारू निघणारच होता, त्यात नवल नाही, गेल्या वर्षीच्या पाण्याचा आहे, लोक का बिघडलेत ते समजत नाही. सही करून खाली पुन्हा एक ओळ: "मास्टर साब, आपने उनसे क्या कहा था?"

सौ.ने विचारलं काय लिहिलंय. वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता पाटलांना तुम्ही सांगता का मी लंगडत जाऊ?"

वैशाख शु. १

सांगितलं.

वडाखाली तीच माणसं. कुऱ्हाडी नव्हत्या पण दोन पहारी होत्या. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. म्हटलं, डॉक्टरांनी मला दोन वर्षं सांगितली होती. मी तुम्हाला एक सांगितलं. डॉक्टरांची चूक नाही, भिंतीची नाही, माझी. नारू वर्षभर अंगात वाढतो, आज निघतोय तो भिंतीच्या आधीचा. भिंत आज पाडली आणि एकाने जरी दुखता पाय पाण्यात घातला, तर पंधरा दिवसांत सगळं पाणी पुन्हा नासेल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

मला वाटतं मी रडलोही थोडा, आता नक्की आठवत नाही. शेठजी उठून म्हणाले, "आमच्या बोळात औंदाबी न्हाई. मास्तर लबाड असंल, पानी लबाड न्हाई." त्यांचे उपकार.

पाटील भिंतीला धरून उभे होते. पाय सुजून हा एवढा. म्हणाले, "एक डाव फसलो. आता दुसरं वरीस कशावरून खरं?"

"तुम्ही सांगा," म्हटलं.

"पानी साफ हाय म्हंता? मंग उद्याच्यापून रोज सकाळी हितं या. रहाटाचं पानी, न गाळता, समद्यांच्या म्होरं प्या. मी सोता भरून दीन. पुढल्या आखितीपस्तोर. तुमच्या पायाला काय निघालं न्हाई तर भिंत खरी."

मान्य केलं. पहारी परत गेल्या.

वैशाख शु. ३

अक्षय तृतीया. बायकांनी करा रहाटावरच भरला. एका म्हातारीने माझ्याकडे बघून नाक मुरडलं, पण भरला. सौ.ला जाता येत नाही, शेजारणीने भरून आणला.

सकाळी पाटलांनी पेला भरला, मी प्यालो. पाणी गोड आहे. दहा-बारा जण तोंडाकडे बघत होते, जसं काही मी औषध घेतोय.

वैशाख शु. ९

ह. ना खरं काय ते कळवलं. दोन पानं. उत्तर चार ओळींचं. मला शिव्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांची नवी तुकडी इथेच धाडू म्हणतात, गंगामावशीकडे आणि शेठजींकडे शिकायला. आणि तळाशी: समजा कुणी पाय बुडवलाच, तर लपवू नका, पंधरा दिवसांच्या आत कळवा, कळीचा चुना टाकून पाणी साफ करता येतं, पण गावाला सांगून, चोरून नाही.

शेठजींना सहज विचारलं, चुना टाकावा लागला तर? त्यांचा चेहरा उतरला. पाण्यातले जीव. "येळ आली तर बघू, मास्तर. येऊ नये."

वैशाख शु. १३

रोजचं पाणी चालू. आज फक्त पाच जण बघायला. कंटाळले. पाटील मात्र चुकत नाहीत, काठी टेकत येतात. त्यांचा नारू वीतभर निघाला, बाकीचा आत अडकलाय. पायात निखारा ठेवल्यासारखं होतं म्हणाले. मावशी म्हणते धीर धरा. सौ.चा पुरा निघाला, ती चालायला लागली. देवापुढे दिवा लावला, माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते.

वैशाख व. ४

सकाळी नेहमीच्या वेळी बारवेवर. पाटील आधीच आलेले, पेला भरून हातात. सात-आठ माणसं. मी सवयीनं भिंतीवरून आत वाकलो.

पायऱ्यांवर वर्षभराची धूळ. तिच्यात पावलं. खाली पाण्यापर्यंत गेलेली आणि वर आलेली, येतानाची ओली, अजून वाळली नव्हती. उजवं पाऊल पुरतं उमटलेलं. डाव्याची नुसती टाच.

वर पाटलांचा सपाट दगड जरा सरकलेला होता.

मी वळलो. पाटील माझ्याकडे बघत नव्हते. धोतराचा डावा काठ ओला. हळूच म्हणाले, "मास्तर, आज ऱ्हाऊ द्या."

"का वो पाटील? का न्हाई प्यायचं?" मागून कुणीतरी.

पाटलांनी धोतराचा ओला काठ मुठीत झाकला. कपाळाला घाम. हा माणूस किती रात्री जागला असेल त्या पायापायी, ते मला माहीत आहे. घोटाभर गार पाणी, मी लहानपणी बसायचो तसं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कीव आली, आणि भीती वाटली.

आजच्या पाण्यानं काही होत नाही, पंधरा दिवस आहेत. पण मी प्यालो नाही तर लोकांना कारण सांगावं लागेल, आणि कारण कळलं की पाटलांची अब्रू जाईल, तिच्यामागून भिंत. पेला त्यांच्या हातातून घेतला आणि प्यालो. लोक पांगले.

पाटील तिथेच राहिले. "पंधरा दिस हायेत न?"

"आहेत. चुना टाकता येतो. पण गावाला सांगून. तुम्ही सांगायचं, पाटील. मी सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही."

"मी सांगितलं तर भिंत ऱ्हाईल?"

गेल्या वर्षी मला विचारलं असतं तर बरोबर म्हणालो असतो. "माहीत नाही," म्हटलं. त्यांनी मान हलवली, दगड सरळ बसवला, आणि टाचेवर चालत गेले.

पंधरावा दिवस ज्येष्ठ शु. ४.

घरी आलो. सौ. हंड्यावर कापड बांधत होती. म्हणाली, "आज एवढा उशीर?"

म्हटलं, गर्दी होती.